स्वयंचलित वर्गसंज्ञानिर्मिती

स्वयंचलित वर्गसंज्ञानिर्मिती म्हणजे आशय व्यवस्थापन प्रणालीत साठवलेल्या लेखांचे शीर्षक, मजकूर किंवा अन्य नोंदी यांच्या आधारे त्या लेखांना लागू पडणारी वर्गांची व विषयांची नावे संगणकाकरवी तयार करण्याची अथवा निवडण्याची प्रक्रिया होय. वृत्तपत्रांची संकेतस्थळे, ग्रंथालयांच्या सूची, संशोधनपत्रिकांची भांडारे आणि ज्ञानकोश यांमध्ये लेखांची संख्या हजारांच्या घरात गेली की प्रत्येक लेख वाचून हाताने वर्ग देणे अवघड होते. ही उणीव भरून काढण्यासाठी या प्रक्रियेचा वापर केला जातो.

वर्गसंज्ञा ही लेखाची शोभा नसून त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट असते. 'विहीर' या संज्ञेवर टिचकी मारणाऱ्या वाचकाची अपेक्षा अशी असते की, विहिरींविषयीचे सर्व लेखन तेथे एकत्र मिळेल. तेच लेखन 'विहीर', 'विहिरी' आणि 'विहिरींचे' अशा तीन संज्ञांखाली विखुरले, तर लेख भांडारात असूनही वाचकाच्या हाती लागत नाहीत. म्हणून संज्ञा किती वेगाने तयार होतात यापेक्षा एका विषयाला एकच संज्ञा मिळते की नाही, हा या प्रक्रियेतील मुख्य प्रश्न मानला जातो.

परिभाषा

आशय व्यवस्थापन प्रणालीत वर्गीकरणाचे दोन प्रमुख प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात वर्गांची उतरंड असते. उदाहरणार्थ 'शेती' या वर्गाखाली 'सिंचन' आणि त्याखाली 'विहीर'. दुसऱ्या प्रकारात सर्व संज्ञा एकाच पातळीवर असतात व त्यांना टॅग असे म्हणतात. वर्ग हे साधारणपणे आधी ठरवलेले व मोजके असतात, तर टॅग लेखागणिक नव्याने जोडले जाऊ शकतात.

संज्ञानिर्मिती आणि संज्ञानियोजन यांतही भेद करावा लागतो. मजकुरातून पूर्वी नसलेली संज्ञा घडवणे ही निर्मिती; आधीच मान्य झालेल्या यादीतून योग्य संज्ञा निवडून लेखाला जोडणे हे नियोजन. अशा मान्य यादीला नियंत्रित शब्दसंग्रह म्हणतात. त्यात प्रत्येक विषयासाठी एक अधिकृत संज्ञा असते आणि तिचे पर्यायी शब्द त्या संज्ञेकडे वळवलेले असतात.

पूर्वपीठिका

विषयसंज्ञा ठरावीक नियमांनी तयार करण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी मांडलेल्या शृंखला निर्देशन पद्धतीत ग्रंथाच्या वर्गांकातील एकेक दुवा उलगडत जाऊन त्यावरून विषयनोंदी तयार केल्या जात. काम माणूसच करी. परंतु पायऱ्या ठरलेल्या असल्यामुळे दोन ग्रंथपालांच्या नोंदींत एकसारखेपणा येत असे. ब्रिटिश नॅशनल बिब्लिओग्राफी या सूचीने १९५० पासून सुमारे दोन दशके ही पद्धती वापरली.

संगणकाच्या साह्याने मजकुरातून महत्त्वाचे शब्द वेचण्याचे आरंभीचे प्रयत्न आयबीएम या कंपनीतील हान्स पीटर लून यांनी १९५७-५८ च्या सुमारास केले. अत्यंत वारंवार येणारे आणि क्वचितच येणारे असे दोन्ही प्रकारचे शब्द विषय सांगण्यास निरुपयोगी असून मधल्या वारंवारतेचे शब्द अर्थपूर्ण असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. रँड कॉर्पोरेशनमधील एम. ई. मॅरन यांनी १९६१ मध्ये मजकुरातील सूचक शब्दांवरून त्याचा विषयवर्ग ओळखण्यासाठी संभाव्यतेचा आधार घेतला. १९७२ मध्ये केंब्रिज येथील कॅरन स्पार्क जोन्स यांनी, जो शब्द संग्रहातील कमी लेखांत आढळतो तो अधिक निर्णायक समजावा, हे तत्त्व मांडले. कॉर्नेल विद्यापीठातील जेरार्ड सॉल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'स्मार्ट' या प्रणालीत अशा भारांकनाचा विस्तृत अभ्यास झाला.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी वाचकांनी स्वतः टॅग देण्याची प्रथा रूढ झाली. टॉमस व्हँडर वाल यांनी २००४ मध्ये तिला 'फोकसॉनॉमी', म्हणजे लोकांनी घडवलेले वर्गीकरण, असे नाव दिले. या प्रथेमुळे संज्ञांची संख्या झपाट्याने वाढली आणि एकाच विषयाची अनेक नावे ही अडचण ठळकपणे पुढे आली.

कार्यपद्धती

शीर्षकावरून निर्मिती. या पद्धतीत एका प्रकारच्या नोंदीचे शीर्षक हीच दुसऱ्या प्रकारच्या नोंदींसाठी संज्ञा ठरते. ग्रंथपरिचयाच्या एखाद्या संकेतस्थळावर प्रत्येक लेखकाचे चरित्रपृष्ठ असेल, तर नवे चरित्रपृष्ठ तयार होताच त्याच नावाची संज्ञा 'लेखक' या वर्गीकरणात आपोआप निर्माण होते आणि पुढे ती पुस्तकांच्या नोंदींना जोडता येते. अशा वर्गीकरणास छायावर्गीकरण म्हणतात. यात मजकुराचे आकलन आवश्यक नसते. केवळ नोंद आणि तिची छाया यांचा मेळ राखावा लागतो.

मजकुरातून वेचणी. यात लेखातील शब्दांचे भारांकन केले जाते. शब्द त्या लेखात किती वेळा आला ही संख्या आणि तो संग्रहात किती दुर्मीळ आहे याचे माप, यांचा गुणाकार म्हणजे शब्दाचा भार. एक कल्पित उदाहरण घेऊ. संग्रहात १००० लेख आहेत. त्यांतील एका लेखात 'विहीर' हा शब्द १२ वेळा आला असून संग्रहातील २० लेखांत तो आढळतो. १००० भागिले २० म्हणजे ५०. त्याचा दशमान लॉगरिथम सुमारे १.७०, म्हणून भार १२ गुणिले १.७० म्हणजे २०.४. त्याच लेखात 'गाव' १५ वेळा आला, पण तो ५०० लेखांत आढळतो. २ चा लॉगरिथम सुमारे ०.३० असल्याने त्याचा भार ४.५ भरतो. 'आणि' हा शब्द ४० वेळा आला तरी तो सर्वच लेखांत असल्याने त्याचा भार शून्य. यावरून लेखाची संज्ञा 'विहीर' असावी असा निष्कर्ष निघतो. 'आणि', 'परंतु', 'आहे' यांसारखे शब्द बहुधा मोजणीपूर्वीच वगळले जातात. त्यांना वर्ज्यशब्द म्हणतात.

शब्द एकेकटे न घेता शेजारी येणाऱ्या शब्दांचे गटही मोजावे लागतात. तसे न केल्यास 'रोजगार हमी योजना' या नावाचे 'रोजगार', 'हमी' आणि 'योजना' असे तीन तुकडे होतात व त्यांपैकी एकही मूळ विषय सांगत नाही. रडा मिहाल्चा आणि पॉल टाराऊ यांनी २००४ मध्ये मांडलेल्या 'टेक्स्टरँक' पद्धतीत शब्दांच्या शेजारसंबंधांचे जाळे उभारून त्यातील मध्यवर्ती शब्द निवडले जातात.

नियंत्रित शब्दसंग्रहातून नियोजन. यात संगणक नवे शब्द घडवत नाही. पूर्वी माणसांनी संज्ञा दिलेले लेख अभ्यासून तो नव्या लेखास त्याच यादीतील संज्ञा सुचवतो. यादीबाहेरचा विषय त्याला ओळखता येत नाही, ही या पद्धतीची मर्यादा. परंतु संज्ञांची अनिर्बंध वाढ होत नाही, हा तिचा मोठा लाभ.

अर्थाधारित प्रतिमाने. २०१० नंतरच्या दशकात शब्दांचा अर्थ संख्यांच्या मालिकेने दर्शवणारी भाषाप्रतिमाने विकसित झाली. गूगलने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले 'बर्ट' हे त्यांपैकी एक. अशा प्रतिमानास 'आड' व 'विहीर' यांतील जवळीक शब्दरूप भिन्न असूनही ओळखता येते. मजकूर रचणाऱ्या मोठ्या भाषाप्रतिमानांकडून थेट संज्ञाही मागवता येतात. मात्र त्यांना मान्य यादीचे बंधन नसल्यास एकाच लेखासाठी ती दोन वेळी दोन वेगळी नावे देऊ शकतात.

वर्डप्रेसमधील अंमलबजावणी

मे २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली वर्डप्रेस ही मुक्त स्रोत प्रणाली या प्रक्रियेचे एक परिचित उदाहरण आहे. सप्टेंबर २००७ मधील २.३ या आवृत्तीत टॅगची अंगभूत सोय आली. तोपर्यंत त्यासाठी स्वतंत्र प्लगइन वापरावे लागे. त्याच आवृत्तीत संज्ञांसाठी तीन कोष्टकांची रचना स्वीकारण्यात आली: एकात संज्ञेचे नाव, दुसऱ्यात ती कोणत्या वर्गीकरणातील आहे ही नोंद आणि तिसऱ्यात संज्ञा व लेख यांचा संबंध.

लेख जतन होताच चालणाऱ्या 'सेव्ह_पोस्ट' या हुकाला जोडलेला छोटा प्रोग्राम संज्ञा तयार करतो व लेखास जोडतो. हे काम वरवर सोपे दिसत असले तरी त्यात पुढील ठिकाणी चुका होतात.

१. हा हुक लेख प्रकाशित होतानाच नव्हे, तर मसुदा आपोआप जतन होतानाही चालतो. लेखाची स्थिती न तपासल्यास नव्या कोऱ्या मसुद्याच्या 'ऑटो ड्राफ्ट' या तात्पुरत्या शीर्षकाचीही संज्ञा बनते.

२. शीर्षक बदलल्यावर नावावरून शोध घेणाऱ्या प्रोग्रामला जुनी संज्ञा सापडत नाही. तो नवी निर्माण करतो आणि जुनी निराधार उरते. यासाठी संज्ञेचा क्रमांक लेखाच्या माहितीत साठवून त्या क्रमांकावरूनच नाव बदलावे लागते.

३. संज्ञा जोडताना 'भर घाला' असे स्पष्ट न सांगितल्यास आधीच्या संज्ञा पुसल्या जातात. संपादकाने विचारपूर्वक दिलेल्या संज्ञा अशा वेळी कोणतीही सूचना न मिळता नाहीशा होतात.

४. संज्ञेचा क्रमांक संख्या म्हणून न देता मजकूर म्हणून दिल्यास प्रणाली तो नाव समजते आणि '१२३' अशा नावाची नवीच संज्ञा तयार करते.

पूर्वी दोन वेगळ्या वर्गीकरणांत एकच नाव असेल तर त्यांची संज्ञा सामायिक असे. एकीकडे नाव बदलले की दुसरीकडेही बदले. २०१५ मधील ४.२ या आवृत्तीपासून अशा सामायिक संज्ञा विलग करण्यास प्रारंभ झाला.

वर्डप्रेसमध्ये प्रत्येक संज्ञेसाठी लेखयादीचे स्वतंत्र पृष्ठ उपलब्ध होते. त्यामुळे एकच लेख असलेल्या हजारो संज्ञा निर्माण झाल्या, तर तितकीच जवळपास रिकामी पृष्ठे तयार होतात. किमान ठरावीक लेखांत आढळल्याशिवाय संज्ञा निर्माण करू नये, असा नियम त्यामुळे अनेक ठिकाणी पाळला जातो.

विकिपीडियातील वर्ग

विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिच्यात वर्गांची सोय २००४ मधील १.३ या आवृत्तीत आली. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरही लेखाच्या शेवटी वर्ग लिहिले जातात. येथे काही वर्ग साच्यांमार्फत आपोआप लागू शकतात: साच्यात भरलेल्या माहितीनुसार लेख ठरावीक वर्गात जातो. मात्र वर्गाचे नाव व त्याचे वर्णनपृष्ठ संपादकांनीच तयार करावयाचे असते. पृष्ठ नसलेला वर्ग लाल दुव्याने दिसतो, त्यामुळे अशुद्ध अथवा अनावश्यक नाव चटकन ध्यानात येते. पर्यायी नावे मूळ लेखाकडे वळवण्यासाठी पुनर्निर्देशनाचा उपयोग होतो.

मराठीतील अडचणी

मराठीत विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. 'विहीर' या शब्दाची 'विहिरीत', 'विहिरीचे', 'विहिरींना', 'विहिरीजवळ' अशी रूपे होतात. वर दिलेल्या उदाहरणातील लेखात मूळ 'विहीर' हे रूप तीनदाच आणि उरलेली रूपे नऊ वेळा आली असतील, तर केवळ अक्षरे जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या लेखी शब्दाची वारंवारता १२ ऐवजी ३ भरते आणि मुख्य विषयच मागे पडतो. 'पाणी' व 'पाण्यात', 'माणूस' व 'माणसाने', 'कोल्हापूर' व 'कोल्हापुरात' यांमध्ये तर मूळ शब्दाचा स्वरही बदलतो.

यावर उपाय म्हणून प्रत्यय सरसकट तोडले, तर निराळाच दोष उत्पन्न होतो. 'ला' तोडल्यास 'कला' या शब्दाचे 'क' होते, 'त' तोडल्यास 'भात' चे 'भा' आणि 'ने' तोडल्यास 'सोने' चे 'सो'. म्हणून शब्दकोशाची जोड असलेले रूपविश्लेषण आवश्यक ठरते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेले मराठी वर्डनेट समानार्थी शब्द एकत्र आणण्यास उपयोगी पडते. पुण्यातील एल३क्यूब या गटाने २०२२ मध्ये 'महाबर्ट' हे मराठीसाठीचे भाषाप्रतिमान उपलब्ध करून दिले.

लेखनपद्धतीतील बदल ही दुसरी अडचण होय. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनेक अनुच्चारित अनुस्वार वगळले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत 'नांव', 'पांच', 'कांहीं' अशी रूपे आढळतात. जुनी व नवी पुस्तके एकाच भांडारात आली की एका शब्दाच्या दोन संज्ञा होतात.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न असतात. 'ॲ' या अक्षराला युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, म्हणजे २००८ मध्ये, स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधीच्या मजकुरात ते 'अ' वर चंद्र देऊन लिहिलेले असते. संज्ञा तयार करण्यापूर्वी अशी रूपे एकसारखी करून घेणे अनिवार्य आहे.

संज्ञेच्या पत्त्याचीही मर्यादा आहे. वर्डप्रेसमध्ये तो २०० चिन्हांपर्यंत साठवला जातो. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचे असून पत्त्यात सांकेतिक रूपाने ते नऊ जागा घेते. त्यामुळे सुमारे २२ देवनागरी चिन्हांनंतर पत्ता तुटतो. मात्रा व हलन्त ही वेगळी चिन्हे गणली जात असल्याने 'महाराष्ट्रातील' या एकाच शब्दात १४ चिन्हे खर्च होतात. आरंभ समान असलेल्या दोन लांब संज्ञांचे तुटलेले पत्ते एकसारखे होतात व दुसऱ्यास आकडा जोडावा लागतो.

व्यक्तिनामांबाबत मराठी वाङ्मयात टोपणनावांची मोठी परंपरा आहे. वि. वा. शिरवाडकर हेच कुसुमाग्रज आणि कृष्णाजी केशव दामले हेच केशवसुत. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोदी लेख 'बाळकराम' या नावाने लिहिले. केवळ मजकुरावरून संज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामला हे तीन लेखक वाटतात. परिणामी गडकऱ्यांच्या नाटकांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यापासून त्यांची कविता दूर राहते. नामप्रमाणीकरणाची यादी हाताने तयार केल्यावाचून हा दोष दूर होत नाही.

अनेकार्थी शब्दांचा प्रश्नही असाच आहे. 'कर' म्हणजे शासनाचा महसूल, हात किंवा 'करणे' या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप. 'पाठ' म्हणजे धडा किंवा शरीराचा भाग. येथे भोवतालच्या वाक्यावरूनच अर्थ ठरवावा लागतो.

ग्रंथालयांतील उपयोग

अमेरिकेतील नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन या ग्रंथालयाने १९६० मध्ये वैद्यकीय विषयसंज्ञांची 'मेश' ही यादी प्रसिद्ध केली. तिच्यातील संज्ञा संशोधनलेखांना देण्याचे काम दीर्घकाळ प्रशिक्षित निर्देशक करीत असत व संगणक त्यांना संज्ञा सुचवत असे. २०२२ पासून तेथील 'मेडलाइन' सूचीचे निर्देशन स्वयंचलित पद्धतीने होऊ लागले. तेथेही संज्ञा मान्य यादीतीलच असतात.

मराठीच्या दृष्टीने फिनलंडचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. फिन्निश भाषेत नामाच्या पंधरा विभक्ती मानल्या जातात, त्यामुळे तेथेही शब्दरूपे जुळवण्याची अडचण होती. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने विकसित केलेले 'ॲनिफ' हे मुक्त स्रोत साधन शब्दांना प्रथम मूळरूपात आणते आणि मग नियंत्रित शब्दसंग्रहातून संज्ञा सुचवते. हे साधन कोणत्याही एका भाषेपुरते मर्यादित नाही. मात्र त्यासाठी त्या भाषेतील शब्दसंग्रह आणि पूर्वी संज्ञा दिलेले लेख हाताशी असावे लागतात. मराठीत अशा शब्दसंग्रहासाठी भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांचा पाया घेता येण्यासारखा आहे.

मूल्यमापन

संगणकाने दिलेल्या संज्ञांची तुलना जाणकाराने दिलेल्या संज्ञांशी केली जाते. जाणकाराने एका लेखास ५ संज्ञा दिल्या, संगणकाने ८ दिल्या आणि त्यांपैकी ४ समान निघाल्या, तर संगणकाच्या ८ पैकी ४ बरोबर म्हणून अचूकता ५० टक्के, आणि जाणकाराच्या ५ पैकी ४ सापडल्या म्हणून व्याप्ती ८० टक्के. संज्ञांची संख्या वाढवल्यास व्याप्ती वाढते, पण अचूकता सहसा घटते. दोन जाणकारही एकाच लेखाला नेहमी त्याच संज्ञा देतात असे नाही. त्यामुळे पूर्ण जुळणी हे कोणत्याही यंत्रासाठी वाजवी उद्दिष्ट ठरत नाही.

मर्यादा आणि संपादकाची भूमिका

लेखाचा विषय त्यातील शब्दांत नेहमी उच्चारलेला असतोच असे नाही. स्थलांतराविषयीच्या लेखात 'स्थलांतर' हा शब्द एकदाही न येता केवळ गाव, गाडी, कारखाना व बंद घरे यांचे वर्णन असू शकते. तसेच दहा वेळा उल्लेखिलेली व्यक्ती लेखाचा विषय नसून निव्वळ साक्षीदार असू शकते. व्यक्तीची जात, धर्म किंवा आजार यांविषयीची संज्ञा यंत्राने चुकीने जोडल्यास ती केवळ तांत्रिक चूक राहत नाही; त्या संज्ञेच्या पृष्ठावर त्या व्यक्तीचे नाव कायम दिसत राहते.

या कारणांमुळे यंत्राने सुचवावे व संपादकाने स्वीकारावे, अशी मिश्र पद्धती बऱ्याच ठिकाणी अवलंबली जाते. संपादकाकडे प्रामुख्याने चार कामे येतात: अधिकृत संज्ञा ठरवणे, पर्यायी रूपे तिच्याकडे वळवणे, एकाच अर्थाच्या संज्ञांचे विलीनीकरण करणे आणि निरुपयोगी संज्ञा काढून टाकणे. विलीनीकरणात जुन्या संज्ञेचा पत्ता नव्या संज्ञेकडे वळवला नाही, तर तिच्याकडे येणारे पूर्वीचे सर्व दुवे तुटतात. संग्रह लहान असतानाच हे काम हाती घेतल्यास ते थोडक्यात आटोपते. हजारो लेखांना चुकीच्या संज्ञा जोडल्या गेल्यावर मात्र प्रत्येक लेख पुन्हा तपासावा लागतो, आणि जे श्रम वाचवण्यासाठी यंत्र आणले तेच श्रम दुपटीने करावे लागतात.